बिबड्यांचा दिवस

घाट्याला पहिला बुडबुडा आला तेव्हा मी सवयीने जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता. एव्हाना खरं तर बायकांची वर्दळ सुरू व्हायला हवी होती. काखेत पाट, खांद्यावर फडकं, कोणी खालूनच चहा टाकलाय का म्हणून ओरडणारी, कोणी सुनेचं गाऱ्हाणं अर्धं जिन्यात आणि अर्धं गच्चीवर सांगणारी. आमच्या गल्लीत होळी झाली की बिबड्यांचे दिवस लागतात, आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, भरडायची, मिरची, लसूण, तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची, आणि तो घट्ट घाटा गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर हाताने पातळ थापून उन्हात पसरलेल्या जुन्या साडीवर पालथा घालायचा. वाळला की झाला बिबडा, वर्षभर भाजून खा नाहीतर तळून खा. पण एकटीचं काम नव्हे ते. घाटा निवला की वर पापुद्रा धरतो, थापताना कडा फाटतात, मग म्हशीपुढे ठेवण्यापलीकडे त्याचा काही उपयोग नाही. म्हणून कोणाला बोलावणं करावं लागत नाही. ज्या घरी पातेलं चढतं तिथे गल्ली आपली आपण येते. लग्न होऊन जळगावात आले त्या वर्षापासून पातेलं चढलंय आणि जिना रिकामा आहे असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आधी वाटलं, कोणाकडे मयत झाली असेल. गल्लीत वाकून पाहिलं तर तसं काही नव्हतं. नळ नुकते गेले होते, ओट्यांखाली ओल होती, एक सायकल भिंतीला टेकलेली. शेजारच्या गच्चीवर कमलबाई कपडे वाळत घालत होती. कमलबाई शिंदखेड्याची. आमच्या दोन गच्च्यांमध्ये नुसता कमरेएवढा कठडा आहे, आणि तिची अहिराणी ऐकून ऐकून माझी लेवा बोली निम्मी बाटली असं माझा भाऊ बन्सीलाल म्हणतो. तीन आठवड्यांपूर्वी तिच्याकडचे बिबडे झाले तेव्हा सकाळपासून मीच थापायला पुढे होते. "मंदाबाई, तुना हात शे तो, असं पातयं कोनले जमस?" असं म्हणून तिने मला दोनदा चहा पाजला होता. मी हाक मारली, "कमलबाई, घाटा झाला बरं का!" तिने ऐकलं. हातातलं लुगडं तिने पुन्हा एकदा पिळलं, त्यातून थेंबही पडला नाही, मग ते दोरीवर टाकलं आणि बादली उचलून आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. दिवसाढवळ्या गच्चीच्या दाराला कोण कडी लावतं? म्हटलं, मंदे, तुला वाळीत टाकलंय बाई. कळायला जरा वेळच लागला, आणि कळल्यावर मला आलं काय, तर हसू.

हसू अशासाठी की अर्ज मागे घ्यायचं मी आदल्या संध्याकाळीच कबूल केलं होतं. पालिकेच्या पोटनिवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. चौकातल्या नानांनी आपली भावजय सुमनबाई हिचा अर्ज भरला. नाना म्हणजे संघटनेचे आमच्या भागातले सर्वेसर्वा. पूर्वी त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आता दुकान नोकर बघतो आणि नाना वॉर्ड बघतात. सुमनबाई बिनविरोध येणार हे अर्ज भरायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं, पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन झाली होती म्हणे. आणि मध्येच मी, मंदाबाई लीलाधर चौधरी, मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम, एक अर्ज टाकून आले. दोन आठवडे नुसता धुमाकूळ झाला. शेवटी काल संध्याकाळी आमच्या ह्यांनी, लीलाधरांनी, (बोलताना मी नाव घेत नाही, इथे घेते) नानांकडे जाऊन शब्द दिला की उद्या तीनच्या आत मंदा येईल आणि सही करेल. मागे कुठल्याशा वॉर्डात एका बाईची परस्पर सही झाली म्हणून बोंब झाली होती, तेव्हापासून निवडणूक कचेरीतले साहेब म्हणतात बाईला समक्ष आणा. दुपारी दोनला जीप येणार होती. माझा हिशेब सरळ होता: बायका आल्या की बारापर्यंत घाटा संपतो, मी हातपाय धुऊन, नऊवारी नको, पाचवारीच नेसून, जाऊन यायचं. आणि ज्यांनी बायकांना माझ्याकडे जायचं नाही म्हणून बजावलं, त्यांना शब्द मिळाल्यावर ती बंदी उठवायची आठवणच राहिली नाही. पुरुषांना वाटतं आपण एक गोष्ट सांगितली की झाली. ती गोष्ट मग चुलीपाशी, नळापाशी, गच्चीवर तशीच चालू राहते, तिला कोणी थांब म्हणेपर्यंत. पाहा, हसू येणार नाही तर काय?

पण हसत बसायला वेळ नव्हता. चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्या मागे ओढून जाळ कमी केला, पाट पालथा घातला, फडकं ओलं केलं, आणि एकटीच थापायला बसले. पहिला गोळा हातावर घेतला की चटका थेट कोपरापर्यंत जातो. नंतर बोटं बधिर होतात आणि मग काही वाटत नाही. बायका असल्या की ह्या चटक्यावर बोलणं असतं, ह्या बोटावरून त्या बोटावर, आणि दुपार होते कधी ते कळत नाही. एकटं थापताना प्रत्येक बिबडा वेगळा लक्षात येतो. हा जरा लांबट झाला, ह्यात तीळ एकीकडेच आले. धुळ्याला लेक दिली आहे, देवपुरात. दरवर्षी एक डबा तिच्याकडे एस.टी.ने जातो. तिच्या सासऱ्यांचा तीनच दिवसांपूर्वी निरोप आला होता, विहीणबाईंना हे शोभत नाही. काय शोभत नाही ते सांगितलं नव्हतं. भला माणूस आहे, मुळीच वाईट नाही. त्यांना कोणी सांगितलं असेल, कोणाच्या तोंडून जळगावची बातमी धुळ्याला गेली असेल, ह्याचा विचार करत मी वरून लावायच्या तिळाच्या वाटीत पाण्याचा हात घातला आणि तीळ सगळे चिकटले.

मी अर्ज का भरला हे मला पुष्कळांनी विचारलं. प्रत्येकाला मी वेगळं सांगितलं. कोणाला नळाचं, कोणाला गटाराचं. खरं कारण सांगितलं असतं तर ते मलाही हलकंच वाटलं असतं. जैबूनबी मण्यारीण आमच्या गल्लीत बांगड्या भरायला येत असे. माझ्या लग्नानंतरचा पहिला चुडा तिने भरला, माझ्या लेकीचाही तिनेच. हात दाबून दाबून असा मऊ करी की लहान मापाची बांगडी कधी चढली ते कळू नये. डिसेंबरात अयोध्येचं झालं, जानेवारीत मुंबईच्या बातम्या आल्या. जळगावात आमच्याकडे तसं काही पेटलं नाही, पण गल्लीच्या तोंडाशी पोरं खुर्च्या टाकून बसू लागली. कोण येतं, कोण जातं. चौकात संघटनेचा फळा लागला, संध्याकाळी रस्त्यावर आरत्या सुरू झाल्या, आणि संक्रांतीला जैबूनबी आली नाही. संक्रांतीला कधी चुकली नव्हती ती. मग बाजारात भेटली, तर म्हणाली, "बेटी, पोरांनी कोपऱ्यावरूनच परत धाडलं. म्हणाले, मावशी, इथं आता तुमचं काम नाही." चिडून नाही म्हणाले, पाणी पाजलं तिला, रिक्षाही करून देत होते. घरी येताना मी त्या पोरांपाशी थांबले. कमलबाईचा सुकदेव होता तिथे. ह्या पोराला मी ताप आला की मांडीवर घेऊन बसलेली आहे. म्हटलं, "सुकदेव, जैबूनबीला कोणी येऊ नको म्हटलं?" तो उठून उभा राहिला, अदबीने. म्हणाला, "काकू, गल्लीने ठरवलं." "गल्लीने म्हणजे कोणी?" "सगळ्यांनी." मी म्हटलं, "मला कोणी विचारलं?" तो हसला. छान हसतो तो, लहानपणापासून. "काकू, तुम्हाला काय विचारायचं, तुम्ही आपल्याच." ह्यात रागवण्यासारखं काय होतं? तरी ते दोन-तीन महिने माझ्या डोक्यात माशीसारखं घोंघावत राहिलं. मला कोणी विचारलं. भाजी निवडताना, वेणी घालताना, टीव्हीवर बातम्या चालू असताना. मग पोटनिवडणूक लागली, आणि एका सकाळी भाजीला गेले ती पिशवीत गिलकी आणि मेथी घेऊन तशीच कचेरीत गेले. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने मेथीची जुडी टेबलावरून बाजूला केली आणि विचारलं, "ताई, कोणाचा भरायचाय?"

धमकी म्हणतात ती कशी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सिनेमात असते तशी काही झाली नाही. एकाही माणसाने आवाज चढवला नाही. उलट त्या दोन आठवड्यांत माझ्या जितके लोक पाया पडले तितके लग्नातही पडले नव्हते. सुकदेव आला, वाकून नमस्कार केला, चहा घेतला, म्हणाला, "काकू, बन्सीमामांची केळीची बाग नाल्याकाठी आहे ना? घड निसवले का?" म्हटलं, निसवले, कापणीला आलेत. "छान," तो म्हणाला. "कुंपण नाही ना तिला?" आणि कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला. त्याने ह्यांच्या दुकानाची चौकशी केली. ह्यांचं पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान, बाहेर शेतकऱ्यांच्या मोटारी उघड्यावर पडलेल्या असतात. "काका, रात्री आत घेत जा त्या, दिवस बरे नाहीत." हे सगळं काळजीनेच बोलायचं. कोणापुढे तक्रार करायची झाली तर सांगणार काय, की साहेब, ते माझ्या भावाच्या केळीची चौकशी करतात? लीलाधरांनी जेवण कमी केलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. बन्सीलालचा ह्यांच्या दुकानाच्या शेजारी फोन आला. मला बोलावून घेतलं. म्हणाला, "मंदा, तुले जे करनं असीन ते कर. बाग मही हाये, मी पाहीन." मला भरून आलं. फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "पन मांगं कधी घेनार हायेस?"

घाटा ढवळायला उठले. खालून धरायला लागला होता. ऊन आता गच्चीभर आलं होतं आणि साडीचा एक पदर भरला होता. ओळी सरळ नव्हत्या, बायका असल्या की कोणीतरी ओळी सरळ ठेवते. आजूबाजूच्या गच्च्यांवर अधूनमधून एखादं दार उघडत होतं, कोणी उगाच सुपं झटकत होतं. मला दिसत होतं की त्या बघताहेत, आणि त्यांना दिसत होतं की मला दिसतंय. रागावून कोणावर रागवायचं? त्यांच्या जागी मी असते तर मीही सुपं झटकली असती. माझं माहेर सावद्याकडचं. मी फ्रॉक घालत होते तेव्हा आमच्या बांधाला लागून चिंधाकाकांची बाग होती. सोसायटीच्या निवडणुकीत ते उभे राहिले, कोणाच्या तरी समोर, आता नाव आठवत नाही. एका सकाळी बाग आडवी. केळीच्या खोडात लाकूड नसतं, नुसतं पाणी. एका घावात जातं ते. घडांसकट सगळी झाडं एकाच बाजूला पडलेली, आणि चीक इतका वाहिलेला की चपला जमिनीला चिकटत होत्या. गाव बघायला लोटला. पोलीस आले, त्यांनी विचारलं कोणी केलं. एक म्हातारा म्हणाला, रात्री वारं सुटलं होतं. मग दुसरा म्हणाला, हो, लई वारं होतं. बघता बघता सगळ्या गावाने वारं पाहिलेलं. मी म्हटलं, बाबा, वाऱ्यानं इतकं सरळ कापलं? तर बाबांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर निळा होता. शेवटी चिंधाकाकांना विचारलं. ते आपल्याच पडलेल्या केळीवर बसले होते. म्हणाले, "वारंच होतं साहेब." माझ्या त्या फ्रॉकवर चिकाचा काळा डाग पडला, तो फ्रॉक फाटेपर्यंत गेला नाही. तर भीती मला माहीत आहे. मी शूर नाही. काल लीलाधर नानांकडे जायला निघाले तेव्हा मी त्यांना पायात चपला सरकवून दिल्या आणि दार लावून घेतल्यावर मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली.

दुपारी जीपचा हॉर्न वाजला तेव्हा पातेलं निम्मंसुद्धा झालं नव्हतं. जिन्यात पावलं वाजली, पुढे सुकदेव, मागे दुकानातून तसेच उठून आलेले लीलाधर, हाताला वंगण. लीलाधर वरच्या पायरीवरच उभे राहिले. सुकदेव पांढऱ्या शर्टात, कपाळाला टिळा, घामाने जरा ओघळलेला. "चला काकू," तो म्हणाला. "कागद टाइप करून तयार आहे, तुम्ही फक्त सही करायची. वाटेत रसवंतीवर थांबू."

"घाटा आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे घाटा आहे. हा सोडून गेले तर सगळा फुकट जाईल."

तो पातेल्याकडे बघत राहिला. आयुष्यभर बिबडे खाल्लेला पोरगा, पण घाटा थांबत नाही हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. लीलाधर जिन्यातून म्हणाले, "अगं, जाऊ दे फुकट. ज्वारीच आहे." मी म्हटलं, "आज बायका आल्या असत्या तर बारालाच संपलं असतं. तुझी आईपण आली नाही, सुकदेव." तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं ते बघण्यासारखं होतं. लहानपणी काच फोडल्यावर यायचं तसं. "हां," तो म्हणाला, "ते, काकू, सांगायचं राहूनच गेलं. काल रात्री ठरलं आपलं, तर मग गडबडीत... थांबा, आत्ता बोलावतो सगळ्यांना. तुम्ही हात धुवा, आवरा." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मला तर वाटलं, चला, झालं, सुटलो ह्यातून. मी उठले, गडव्यातलं पाणी हातावर घेतलं, नखांतलं पीठ काढलं. पदर सारखा केला. साडीला हळदीचा डाग होता, म्हटलं असू दे, सही करायला काय होतंय. पाठीमागे सुकदेवची हाक ऐकू आली, "आई! ए आई! ये गं इकडे, काकूंना मदत कर!" मी वळून पाहिलं. कमलबाईच्या कठड्यापर्यंत जायला तो सरळ गेला होता. मध्ये माझी वाळवणाची साडी होती, सकाळपासूनची. तो तिच्यावरून चालत गेला होता, पायात जाड तळव्यांच्या सँडल, आणि आता तिच्या मधोमध उभा राहून आईला हाका मारत होता.

कमलबाईने कडी काढली, दार उघडलं. तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पायांकडे. "आंधया व्हयना का रे?" ती अशी ओरडली की चार गच्च्यांवरची सुपं थांबली. "अन्न शे ते! पाय काढ!"

सुकदेवने खाली पाहिलं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्याला ते दिसलेच नव्हते. त्याने एक पाय उचलला, पण ठेवायला जागा नव्हती, जिथे ठेवावा तिथे बिबडा. म्हणून तो पाय त्याने परत होता तिथेच ठेवला. "बिबडेच तर आहेत आई," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, समजुतीने, "काकू, दुसरे थापा ना. आता बायका येतीलच. आई, तू ये गं, मी सांगतोय ना."

"काल म्हने नको जाऊ, आज म्हने जाय," कमलबाई म्हणाली. "मी काय तुनी जीप शे का?" आणि आत गेली. दार परत लागलं. मला वाटलं होतं येईल, कठडा ओलांडून येईल. आली नाही.

मी त्या साडीकडे बघत होते. ओल्या बिबड्यांवर त्याच्या तळव्याची चौकड्यांची नक्षी उमटली होती, अगदी स्पष्ट, एक जातानाची आणि एक उभं राहिल्याची. आणि मला राग आला. दोन आठवडे आला नव्हता, बन्सीलालच्या बागेची चौकशी झाली तेव्हा आला नव्हता, सकाळी जिना रिकामा दिसला तेव्हाही नाही. त्याने द्वेषाने तुडवले असते तर मी घाबरले असते, मुकाट्याने चपला घालून जीपमध्ये बसले असते. पण त्याला दिसलेच नाहीत. माझी सकाळ तिथे पसरलेली होती आणि तिच्यावरून तो माझंच भलं करायला चालत गेला होता. तशीच जैबूनबीलाही रिक्षा करून दिली असणार. मी पाटाशी परत जाऊन बसले. फडकं बुडवलं, पाटावर पसरलं, गोळा घेतला.

"काकू?" सुकदेव म्हणाला.

"दुसरे थाप म्हणालास ना? थापते."

"काकू, तीनपर्यंतच वेळ आहे."

"माहीत आहे मला."

"असं नका करू. काका, तुम्ही सांगा त्यांना."

लीलाधरांनी शर्टाच्या बाहीला हाताचं वंगण पुसलं, ते कधी असं करत नाहीत. खाली जीपवाल्याने लांबलचक हॉर्न दिला. मग जिन्याकडे जाताना सुकदेव कडेकडेने गेला, भिंतीला खांदा घासत, एकाही बिबड्याला धक्का न लावता. माझ्यापाशी आला, वाकला, माझ्या पीठ लागलेल्या पायांना हात लावून नमस्कार केला. "येतो काकू," तो म्हणाला. "बन्सीमामांना माझा नमस्कार सांगा." आवाजात जराही राग नव्हता. जिन्यात त्याची पावलं वाजली आणि जीप सुरू होऊन कोपऱ्यावर वळल्याचं ऐकू आलं.

मग थापत होते त्या बिबड्याची कड फाटली, सांधली, परत फाटली. लीलाधर म्हणाले, "अजून वेळ आहे. रिक्षा करू. दहा मिनिटांचा रस्ता आहे."

मी फडकं परत ओलं केलं.

"बन्सीभाऊंच्या बागेचं काय?"

"माहीत नाही."

"आणि दुकानाचं? मोटारी लोकांच्या आहेत मंदा, आपल्या नाहीत."

"मला माहीत नाही हो," मी म्हटलं. "मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय. पण मला आता उठवत नाही."

ते जिना उतरून खाली गेले. पावलं अंगणापर्यंत गेलेली मला ऐकू आली. म्हटलं, गेले जीपच्या मागे, आणि जावं त्यांनी, चूक काय त्यांची. फाटलेला गोळा मी परत मळला. घाट्यावर पापुद्रा धरायला लागला होता, तो दांड्याने मोडला, दोन पऱ्हाट्या आत सारल्या. धुराने डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

जिन्यात परत चाहूल लागली. लीलाधर वर आले ते अनवाणी, चपला खाली काढून. हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, न बघता खिशात टाकलं, आणि माझ्यासमोर मांडी घातली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, बिबड्यांच्या दिवशी पुरुष थापायला बसल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांनी बादलीतून दुसरं फडकं काढलं आणि ते दोन्ही हातांत घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"हे किती पिळायचं?"

"पिळायचं नाही," मी म्हटलं. "नुसतं पसरा."